ज्योतिर्विलासकार शंकर बाळकृष्ण दीक्षित

इ. स. १८९२ साली मराठीत एक पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याचे नाव 'ज्योतिर्विलास', आणि त्यालाच जोडून दुसरे नाव होते 'रात्रीची दोन घटका मौज'. घटका म्हणजे चोवीस मिनिटे. तेव्हा दोन घटका म्हणजे पाऊण तासाहून थोडा अधिक वेळ. रात्री जेवणखाण आटोपल्यावर व अंथरुणावर पडण्यापूर्वी जेवढा वेळ शेतकऱ्यास, मजुरास किंवा शाळामास्तरास मोकळा सापडतो, तेवढाच हा वेळ होय. मौज म्हटली की आपणांस जत्रा आठवते, लग्नाची वरात आठवते. परंतु ह्या ग्रंथकाराने वाचकाचा हात धरून त्यास अंगणात नेले, मान वर करावयास लावली आणि गाठीचा पैसा न सोडता मिळणारी मौज दाखविली. तो ग्रंथकार कोणी मोठ्या वेधशाळेचा अधिकारी नव्हता. तो मराठी शाळेत मुलांस शिकवून पोट भरणारा पंतोजी होता. त्याचे चरित्र आज सांगावयाचे आहे.

चिखलदऱ्याच्या आसपास राहणाऱ्या वाचकांस हे चरित्र विशेष जवळचे वाटावे असे आहे. ह्याचे कारण ग्रंथकार वऱ्हाडातला होता असे नव्हे, तो कोकणातला. कारण असे की ज्या आकाशाविषयी त्याने लिहिले ते पुणे-मुंबईच्या लोकांस आता दिव्यांच्या झगमगाटामुळे नीट दिसत नाही. चिखलदऱ्याचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे ३,६०० फूट उंच आहे. मार्गशीर्षाच्या वद्य पक्षात, थंडी पडून हवा स्वच्छ झाली म्हणजे, गावच्या वस्तीपासून थोडे दूर जाऊन उभे राहावे. डोक्याकडे कृत्तिकांचा झुबका, त्याच्या पाठोपाठ तांबूस रोहिणी, पूर्वेस मृगाचे चार खूर व मधले तिकांडे, आणि त्याच्या मागून वर येणारा तेजस्वी व्याध हे सर्व तेथून एकाच दृष्टीत येतात. उत्तरेस हात लांब करून वीत पसरली तर क्षितिजापासून सुमारे एक वीत उंचीवर ध्रुव सापडतो, कारण हे ठिकाण विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे साडेएकवीस अंशांवर आहे. जितके अक्षांश तितकीच ध्रुवाची उंची. माघाच्या सुमारास रात्री नऊ वाजता दक्षिणेकडे, जेथे डोंगर संपून पायनघाटाचा सपाट मुलूख सुरू होतो, त्या बाजूस पाहिले तर अगस्त्याचा तारा क्षितिजाच्या थोडा वर आढळतो.

शंकर बाळकृष्ण दीक्षित ह्यांचा जन्म जुलै १८५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात दापोलीजवळील मुरूड ह्या गावी झाला. हे गाव समुद्रकाठी वसलेले असून पुढे महर्षी म्हणून प्रसिद्धीस आलेले धोंडो केशव कर्वे ह्यांचे बालपणही ह्याच गावी गेले. दीक्षितांचे पहिले शिक्षण गावच्या मराठी शाळेत झाले. काही संस्कृत व काही वेदाध्ययनही तेथेच घडले. नंतर त्यांनी दापोलीस कोर्टात उमेदवारी केली. त्या काळी गरीब व हुशार मुलाची वाट बहुधा अशीच असे : आधी उमेदवार, मग कारकून, आणि आयुष्यभर दुसऱ्यांचे कागद उतरून काढणे. दीक्षित त्या वाटेने पुढे गेले नाहीत. १८७० साली ते पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात दाखल झाले आणि तीन वर्षे तेथे राहून शिक्षकाची परीक्षा चांगल्या रीतीने उतरले. १८७४ साली ते मॅट्रिक झाले. ह्यापुढे विद्यापीठाची कोणतीही पदवी त्यांनी मिळविली नाही. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढे ज्यांच्या गणिताचा आधार विलायतेतील पंडितांनी घेतला ते हेच मॅट्रिक झालेले मास्तर होते.

१८७४ पासून सहा वर्षे ते कुलाबा जिल्ह्यातील रेवदंड्याच्या मराठी शाळेचे मुख्य होते. तेथून ठाण्यास, १८८२ साली बार्शीच्या इंग्रजी शाळेत, १८८९ साली धुळ्याच्या ट्रेनिंग स्कुलात, आणि १८९४ साली पुण्यास, जेथे ते स्वतः शिकले होते त्याच ट्रेनिंग कॉलेजात, अशा त्यांच्या बदल्या झाल्या. ह्या गावांच्या यादीत ग्रंथांची मोठी भांडारे असलेले गाव एक पुणेच. बाकी ठिकाणी हवे ते पुस्तक मागवून घ्यावे लागे, किंवा कोणा शास्त्र्याकडे पोथी आहे असे कळले तर ती मिळवून उतरून घ्यावी लागे. दिवसा शाळा व रात्री पोथ्या आणि गणित, असा त्यांचा क्रम वर्षानुवर्षे चालला.

त्यांचे पहिले पुस्तक 'विद्यार्थिबुद्धिवर्धिनी' १८७६ साली निघाले. त्या वेळी ते तेवीस वर्षांचे होते. दुसरे 'सृष्टिचमत्कार' १८८२ साली निघाले. चमत्कार ह्या शब्दाचा त्यांनी जो अर्थ घेतला तो विचार करण्यासारखा आहे. खेड्यात चमत्कार म्हटला म्हणजे जे कोणास समजत नाही व समजू नये ते. दीक्षितांच्या पुस्तकात चमत्कार म्हणजे जे समजल्यावर अधिकच आश्चर्य वाटते ते. योगायोग असा की त्याच वर्षी सप्टेंबरात एक इतका तेजस्वी धूमकेतू उगवला की सूर्याजवळ असताना तो भर दिवसाही दिसत असे. धूमकेतू दिसला की राजा मरेल, दुष्काळ पडेल, पटकी येईल, अशी भीती तेव्हा घरोघर असे. अशा काळात मुलांस आकाशाकडे निर्भयपणे पाहावयास शिकविणे ही मास्तरांची लहानशी कामगिरी नव्हती.

आता दीक्षितांच्या आयुष्यातील मुख्य वादाकडे येऊ. तो वाद पंचांगाचा. आज आपल्यास पंचांग म्हणजे भिंतीवरचे एक कागदाचे पुस्तक वाटते. परंतु पेरणी, सण, लग्न, देणेघेणे ही सर्व त्याच्यावर चालत. महाराष्ट्रातील पंचांगे बहुधा गणेश दैवज्ञाच्या 'ग्रहलाघव' ह्या ग्रंथावरून करीत. तो ग्रंथ शके १४४२ चा, म्हणजे इ. स. १५२० चा. गणेश दैवज्ञ मोठा कुशल गणिती होता. त्याने अवघड गणित इतके सोपे केले की साध्या जोशालाही ते जमावे. परंतु कोणतेही घड्याळ साडेतीनशे वर्षे किल्लीवाचून बरोबर चालत नाही. ग्रहणाची वेळ चुकू लागली. पंचांगात लिहिलेला ग्रह आकाशात दुसरीकडेच दिसू लागला. हे पाहून केरो लक्ष्मण छत्रे ह्यांनी १८६५ च्या सुमारास पाश्चात्य कोष्टकांच्या आधारे नवे पंचांग सुरू केले. तेच पुढे पटवर्धनी पंचांग म्हणून प्रसिद्ध झाले.

परंतु ग्रह बरोबर मांडले तरी एक चूक उरतेच असे विसाजी रघुनाथ लेले, जनार्दन बाळाजी मोडक आणि दीक्षित ह्या तिघांचे म्हणणे होते. ती चूक वर्षाच्या आरंभाची. पृथ्वी भोवऱ्यासारखी फिरते हे आपण जाणतो. भोवरा फिरता फिरता त्याचे डोके हळूहळू डुलते, हेही प्रत्येक मुलाने पाहिले आहे. पृथ्वीचा आसही तसाच डुलतो, परंतु इतक्या सावकाश की एक फेरा पुरा होण्यास सुमारे २६,००० वर्षे लागतात. ह्या डुलण्यामुळे ऋतू व नक्षत्रे ह्यांचा मेळ हळूहळू सुटत जातो. बहात्तर वर्षांत सुमारे एक दिवस, असा हा हिशेब. आपल्या पंचांगातील वर्ष नक्षत्रांवरून धरलेले, त्यास निरयन म्हणतात. ऋतूंवरून धरलेले ते सायन. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी दोन्ही जुळत होती. नंतर अंतर पडत गेले. मकरसंक्रांत म्हणजे उत्तरायणाचा आरंभ असे आपण लहानपणापासून ऐकतो. परंतु सूर्य खरोखर उत्तरेकडे वळतो तो डिसेंबरच्या २१-२२ तारखेस, आणि संक्रांत येते जानेवारीच्या १४ तारखेस.

हे कोणाच्या सांगण्यावरून मानावयाचे कारण नाही. अंगणात एक काठी सरळ उभी करावी. जुने ज्योतिषी तिला शंकू म्हणत व ती बारा अंगुळे घेत. दररोज दुपारी जी सावली सर्वांत आखूड पडते ती मोजून ठेवावी. चिखलदऱ्यास डिसेंबरच्या २२ तारखेस ही सावली जवळजवळ बारा अंगुळे भरेल, म्हणजे काठीएवढीच. वर्षातील दुपारची सर्वांत लांब सावली ती हीच. संक्रांतीच्या दिवशी मोजली तर ती सुमारे अकरा अंगुळे भरेल. म्हणजे सूर्य तीन आठवड्यांपूर्वीच वळला व संक्रांत मागून आली, हे काठीनेच सांगितले. मार्चअखेर विषुवदिनानंतर सावली पाच अंगुळांच्या आत येते, आणि मेच्या अखेरीस एके दिवशी दुपारी ती पायाशी अगदी नाहीशी होते. त्यानंतर दीड महिना सूर्य डोक्याच्या उत्तरेस असतो व दुपारची सावली दक्षिणेस पडते. पण तोवर ढग येतात, म्हणून पुष्कळांनी ती पाहिलेली नसते. बारा अंगुळांची काठी व एक वर्षाची चिकाटी, ह्याहून अधिक काही ह्या परीक्षेस लागत नाही. शाळा चालविणाऱ्या बांधवांनी मुलांकडून ती करवून घ्यावी. फळ्यावरच्या दहा धड्यांनी जे होत नाही ते होईल.

शके १८०६, म्हणजे इ. स. १८८४ पासून ह्या तिघांनी सायन पंचांग काढिले. त्यात संक्रांत डिसेंबरात आणिली होती. साहजिकच सणही सरकले, काही वर्षी तर एक महिना आधी आले. लोकांस हे रुचले नाही. वर्तमानपत्रांतून वाद झाले. आजा-पणजाने ज्या दिवशी तीळगूळ वाटला तो दिवस चुकीचा असे कोणी सांगू लागला, तर ऐकणाऱ्याचा संताप समजण्याजोगा आहे. शिवाय दीक्षित हे परके नव्हते; ते त्याच समाजातले, त्याच शास्त्रावर प्रेम करणारे. उपहास करून मोकळे होणे त्यांस सोपे होते, परंतु तसे त्यांनी केले नाही. जुन्या ग्रंथकारांनीच आकाश पाहून आपापल्या काळी पंचांग सुधारिले, तेव्हा आपण पाहणे सोडून द्यावे हे त्यांच्या परंपरेस धरून नाही, अशा बाजूने त्यांनी आपले म्हणणे मांडिले. आमच्या मते हीच बाजू बळकट होती. तरी लोकांनी ते पंचांग उचलले नाही, हेही खरेच.

शेतकऱ्याच्या दृष्टीने ह्यात काय आहे, असे कोणी विचारील. मृग नक्षत्र आता ७ जूनच्या सुमारास लागते, आणि मृगाच्या पावसावर आपण पेरणीची आशा बांधतो. बहात्तर वर्षांस एक दिवस ह्या हिशेबाने आणखी दोन हजार वर्षांत मृग जुलैत लागेल. पाऊस मात्र नक्षत्रांची वाट पाहत थांबणार नाही. तो ऋतूप्रमाणे येणार.

बार्शीच्या शाळेत असतानाच दीक्षितांच्या हातून एक काम झाले, ते एखाद्या गोष्टीसारखे आहे. मध्य प्रदेशात सागर जिल्ह्यात एरण नावाचे गाव आहे. तेथे दगडाचा एक उंच स्तंभ उभा असून त्यावर लेख कोरलेला आहे. बुधगुप्त राजाच्या काळी, वर्ष १६५, आषाढ शुद्ध द्वादशी, गुरुवार, ह्या दिवशी तो स्तंभ उभारला असे त्यात आहे. पण १६५ हे वर्ष कशापासून मोजलेले? गुप्त राजांचा शक केव्हा सुरू झाला ह्याविषयी पंडितांत मतभेद होता, आणि तोही पाचदहा वर्षांचा नव्हे. कोणाकोणाच्या मतांत दीडशे वर्षांचे अंतर होते. म्हणजे हिंदुस्थानच्या प्राचीन इतिहासाचा एक मोठा भागच अधांतरी लोंबकळत होता. मुंबई इलाख्यातील अधिकारी फ्लीट हे गुप्त राजांचे लेख छापण्याच्या कामी लागले होते. त्यांनी ह्या तिथीचे गणित दीक्षितांकडे सोपविले.

येथे थोडे थांबून हे गणित कसे उपयोगी पडते ते पाहू. तिथी चंद्रावर अवलंबून, वार सात दिवसांच्या फेऱ्यावर. दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. म्हणून अमुक वर्षी आषाढ शुद्ध द्वादशीस कोणता वार होता हे काढले, तर एक वर्ष जुळते आणि बाकीची बहुतेक गळून पडतात. दगडावरील गुरुवार हा साक्षीदार. त्याची उलटतपासणी गणिताने करावयाची. आज यंत्राने जे क्षणात होते ते दीक्षितांनी पाटी-कागदावर, सूर्य व चंद्र ह्यांची चौदाशे वर्षांमागची स्थाने काढून केले. उत्तर आले : २१ जून ४८४, गुरुवार. इतर लेखांत गुरूच्या बारा वर्षांच्या चक्रातील संवत्सरे दिली होती. ती कशी मोजीत ह्याचा उलगडाही दीक्षितांनी केला, आणि तीही जुळली. ह्यांवरून व दुसऱ्या पुराव्यांवरून गुप्त शकाचा आरंभ इ. स. ३१९-२० हा ठरला. फ्लीट ह्यांचा ग्रंथ १८८८ साली निघाला व त्यात दीक्षितांच्या गणितास मानाचे स्थान मिळाले. एरणचा दगड बोलावयास लागला तो बार्शीच्या एका मास्तरामुळे.

दुसरी गोष्ट कृत्तिकांची. शतपथ ब्राह्मण हा फार जुना ग्रंथ. त्यात कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत व इतर नक्षत्रे ढळतात अशा अर्थाचे विधान आहे. ह्या वाक्यावरून हजारो वाचकांची नजर गेली असेल. दीक्षितांची नजर तेथे अडखळली, कारण त्यांनी कृत्तिका उगवताना पाहिल्या होत्या. कार्तिकात सायंकाळी पाहावे : त्या ठीक पूर्वेस उगवत नाहीत. चिखलदऱ्याहून पाहिले तर त्या पूर्वबिंदूच्या उत्तरेस सुमारे पंचवीस अंश, म्हणजे एका विटीहूनही अधिक अंतरावर उगवतात. मग तो ग्रंथकार खोटे लिहितो काय? की त्याच्या काळी त्या खरोखरच पूर्वेस उगवत होत्या? पृथ्वीच्या आसाचे जे डुलणे वर सांगितले त्यावरून मागे मागे हिशेब केला, तर कृत्तिका ठीक पूर्वेस उगवण्याचा काळ इ. स. पूर्वी सुमारे ३,००० वर्षे असा निघतो. हा शोध त्यांनी १८९५ साली इंग्रजी मासिकातही प्रसिद्ध केला. सर्व पंडितांनी तो निकाल मान्य केला असे नाही. त्या वाक्याचा अर्थ किती काटेकोर घ्यावा, अथवा ते वाक्य आधीच्या काळापासून नुसते चालत आले असेल काय, ह्याविषयी वाद झाला व तो पुरता मिटलेला नाही. परंतु शब्दाचा अर्थ कोशात न शोधता पूर्व क्षितिजावर शोधणे, ही दीक्षितांची खरी रीत होती. रोहिणी, मृग व व्याध ह्यांच्या जुन्या कथांकडेही ते ह्याच दृष्टीने पाहत. कथा खोटी म्हणून फेकावयाची नाही आणि अक्षरशः खरी म्हणून डोक्यावर घ्यावयाची नाही. ती रचणाऱ्याने आकाशात काय पाहिले होते ते तीतून काढावयाचे. आपल्याकडे खेड्यात सप्तर्षींच्या चार ताऱ्यांस म्हातारीची बाज म्हणतात व मागच्या तिघांस चोर म्हणतात. बाज उचलून नेणारे हे चोर रात्रभर ध्रुवाभोवती फिरत राहतात. ह्या कथेतही कोणा राखणदाराचे रात्रीचे जागरण साठविलेले आहे.

'ज्योतिर्विलास' हे पुस्तक धुळ्यास असताना निघाले. मोठ्या शोधांत बुडालेला मनुष्य बहुधा पोरांसाठी, बायाबापड्यांसाठी लिहीत नाही. त्यास ते हलके वाटते. दीक्षितांस तसे वाटले नाही. नक्षत्रे कशी ओळखावी, ग्रह कोणता व तारा कोणता, चंद्रसूर्य केवढे, धूमकेतू व उल्का म्हणजे काय, हे त्यांनी साध्या व रसाळ मराठीत सांगितले. पुस्तक लोकांस आवडले व पुढे त्याच्या आवृत्त्याही निघाल्या. त्यांच्यानंतर ज्ञान पुष्कळ वाढले. आपल्या वऱ्हाडातील लोणारचे सरोवर त्या काळचे विद्वान ज्वालामुखीचे विवर समजत. ते उल्केच्या आघाताने झाले हे दगडांच्या परीक्षेने १९७३ साली सिद्ध झाले. असे किती तरी बदल 'ज्योतिर्विलास'मध्ये आज करावे लागतील. अंगणात जाण्याची जी सवय ते पुस्तक लाविते ती मात्र बदलावी लागणार नाही.

त्यांचा सर्वांत मोठा ग्रंथ 'भारतीय ज्योतिषशास्त्र' १८९६ साली पुण्यात छापून निघाला. वेदकाळापासून आपल्या दिवसापर्यंत ह्या देशात ज्योतिषाचा अभ्यास कोणी केला, कोणते ग्रंथ झाले, कोणी काय नवे सांगितले, ह्याचा तो इतिहास. दक्षिणा प्राइज कमिटीने अशा ग्रंथास बक्षीस लावले होते, त्या निमित्ताने लेखनास आरंभ झाला; पण बक्षिसापुरते काम करून ते थांबले नाहीत. निरनिराळ्या प्रांतांत कोणते पंचांग चालते, ते कोणत्या ग्रंथावरून करितात, ह्याचीही माहिती त्यांनी गोळा केली. आर्यभट व भास्कराचार्य ह्यांच्या शेजारी त्यात अप्रसिद्ध जोशी-गणकांसही जागा मिळाली आहे. ग्रंथ कठीण आहे हे आम्ही लपवीत नाही. कोष्टकांची पाने आली की सामान्य वाचकाने ती खुशाल उलटावी. मधली मधली प्रकरणे तरीही गोडीने वाचवतात. त्याच वर्षी मद्रास इलाख्याच्या सनदी नोकरीतील रॉबर्ट स्युएल ह्यांच्याबरोबर त्यांनी लिहिलेला 'दि इंडियन कॅलेंडर' हा इंग्रजी ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. जुन्या लेखांतील हिंदू व मुसलमानी तारखांची इंग्रजी तारीख काढण्याची कोष्टके त्यात आहेत, आणि इतिहासाचे अभ्यासक ती कोष्टके पुढे कित्येक पिढ्या वापरीत आले.

दोन मोठे ग्रंथ एकाच वर्षी पुरे झाले, तेव्हा दीक्षितांचे वय त्रेचाळीस होते. त्यांच्यापुढे आणखी पुष्कळ काम आहे असे कोणासही वाटले असते. २२ जानेवारी १८९८ रोजी सूर्याचे खग्रास ग्रहण लागले, आणि चंद्राची छाया थेट महाराष्ट्रावरून गेली. कोकणात विजयदुर्गास लॉकियर येऊन राहिले. सोलापूर जिल्ह्यात जेऊर येथे पुण्याचे प्राध्यापक नायगमवाला आणि अमेरिकेतील लिक वेधशाळेची मंडळी होती. आणि आपल्या अमरावती जिल्ह्यात, तळणी येथे, इंग्लंडाहून आलेले वॉल्टर माँडर व त्यांची पत्नी ॲनी माँडर आपल्या दुर्बिणी मांडून बसली होती. भर दुपारी सुमारे दोन मिनिटे अंधार पडला. सूर्याभोवतीच्या प्रभामंडलाचा दूरवर पसरलेला एक लांब किरण ॲनी माँडर ह्यांनी आपल्या छायाचित्रात पकडला. तसा किरण तोपर्यंत कोणाच्या चित्रात उतरला नव्हता. चिखलदरा त्या छायेच्या पट्ट्याच्या उत्तरेस राहिला, आणि पुणेही बाहेरच राहिले. दोन्ही ठिकाणी सूर्य अंशतः झाकला एवढेच. वऱ्हाडातील लोक ग्रहणात दारे लावून बसत असतील तेव्हा समुद्रापलीकडून एक बाई ते पाहण्यासाठी तळणीच्या रानात आली होती, हे वाचून दीक्षितांच्या पुस्तकाचे दुसरे नाव आठवते.

ह्या ग्रहणानंतर तीनच महिन्यांनी, एप्रिल १८९८ मध्ये, दीक्षित पुण्यास वारले. पंचेचाळिसावे वर्षही पुरे झाले नव्हते.

त्यांचे सायन पंचांग त्यांच्या हयातीत रुजले नाही. परंतु स्वतंत्र भारताच्या सरकारने १९५२ साली पंचांगशुद्धीसाठी समिती नेमली, तिचे अध्यक्ष शास्त्रज्ञ मेघनाद साहा होते. समितीने १९५५ साली आपले निवेदन दिले, आणि २२ मार्च १९५७ रोजी, म्हणजे चैत्र १, शके १८७९ ह्या दिवशी, राष्ट्रीय सौर दिनदर्शिका सुरू झाली. तिचे वर्ष ऋतूंवरून धरलेले, म्हणजे सायन आहे. सण मात्र अजून जुन्या रीतीनेच येतात व संक्रांत जानेवारीतच होते. त्याच १९५७ साली 'भारतीय ज्योतिषशास्त्रा'चे हिंदी भाषांतर प्रसिद्ध झाले. आणि इंग्रजी भाषांतर भारत सरकारने १९६९ व १९८१ साली दोन भागांत छापून काढले, म्हणजे मूळ ग्रंथाचा लेखक वारल्यावर ऐंशीहून अधिक वर्षांनी ते पुरे झाले.